आधी ओळख, मग बार

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात काळं अस्वल मारायचं असेल तर आधी परीक्षा द्यावी लागते. बंदूक चालवता येते का याची नव्हे. अस्वल ओळखता येतं का याची. संगणकावर एकामागून एक अस्वलांची छायाचित्रं येतात आणि दर वेळी सांगायचं असतं, हे काळं की ग्रिझली? शंभरात ऐंशी मिळाले की पास, मग परवाना विकत घेता येतो. मी जन्मभर शाळेत प्रश्नपत्रिका काढल्या आणि उत्तरपत्रिका तपासल्या, त्यामुळे माझं लक्ष आधी त्या उरलेल्या वीस गुणांकडे गेलं. म्हणजे पाच अस्वलांमागे एक चुकलं तरी उमेदवार उत्तीर्ण. त्या पाचव्या अस्वलाचं यावर काय म्हणणं आहे, हे कोणी विचारलेलं दिसत नाही.

हा सगळा खटाटोप ग्रिझलीसाठी. अलास्का सोडून उरलेल्या सलग अमेरिकेत १९७५ पासून ग्रिझलीला कायद्याचं संरक्षण आहे. काळी अस्वलं मात्र भरपूर, आणि हंगामात परवाना काढून ती मारता येतात. दोघं एकाच डोंगरात राहतात, एकाच झुडपांची फळं खातात आणि माणसाची चाहूल लागली की एकाच झाडीत शिरतात. एकाला मारलं तर फोटो दिवाणखान्यात लागतो, दुसऱ्याला मारलं तर न्यायालयात.

काळं अस्वल ओळखायला परीक्षा कशाला, काळं दिसलं की काळं, असं पुण्यात बसून म्हणता येतं. तिथे नाही. पश्चिमेकडच्या डोंगरांतली काळी अस्वलं तपकिरी असतात, दालचिनीच्या रंगाची असतात, काही तर चक्क सोनेरी. ग्रिझलीही सोनेरीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत हव्या त्या छटेत मिळतं. त्यामुळे अभ्यासपुस्तिकेत पहिल्याच पानावर बजावलंय, रंगावर जाऊ नका. बरं, मग आकारावर जावं? तेही नाही. ग्रिझलीचं वयात येणारं पोर आणि खाऊनपिऊन सुखी असलेला काळा नर साधारण सारखेच भरतात, आणि जंगलात अस्वलाशेजारी फूटपट्टी घेऊन कोणी उभं नसतं. जनावर दिसल्यावर माणसाच्या मनात ज्या दोन गोष्टी सर्वांत आधी येतात, त्या दोन्ही अभ्यासक्रमातून बाद!

उरतं काय, तर वशिंड. ग्रिझली मुळं-कंद उकरून खाणारं जनावर, त्यामुळे त्याच्या खांद्यावर स्नायूंचा गोळा असतो. काळ्याला तो नसतो. ग्रिझलीचा चेहरा बाजूने पाहिला तर कपाळाखाली खोलगट, काळ्याचा नाकापर्यंत सरळ. ग्रिझलीचे कान आखूड आणि गोल, काळ्याचे उंच आणि जरा टोकदार. ग्रिझलीच्या पुढच्या पायांची नखं दोन ते चार इंच, काळ्याची त्याच्या निम्मी. हे सगळं वाचून होतं न होतं तोच पुस्तिका सांगते की एकाच खुणेवर भिस्त ठेवू नका, कारण मान खाली घालून खाणाऱ्या काळ्या अस्वलाच्या खांद्यावरही उंचवटा आल्यासारखा दिसतो. सगळ्या खुणा मिळून निर्णय घ्या. आता वशिंड, चेहरा, कान इथवर ठीक आहे. पण नखं मोजता येतील इतक्या जवळ गेलेला उमेदवार पेपर द्यायला परत येईल, याची हमी कोण देणार?

पाऊलठशांचाही एक प्रकार आहे. पुढच्या पंजाचा ठसा सापडला की अंगठ्याच्या बुडापासून गादीच्या वरच्या कडेवरून एक सरळ रेघ आखायची. करंगळीचा बराचसा भाग रेघेच्या वर आला तर ग्रिझली, खाली राहिला तर काळं. भूमितीचा शिक्षक म्हणून मला ही रीत फार आवडली. फक्त चिखलात उकिडवं बसून रेघ आखत असताना ठशाचा मालक किती लांब गेलाय, हे भूमितीतून निघत नाही.

लेक आणि जावई बोझमनला असतात. तिथून यलोस्टोन जवळ, म्हणजे अस्वलंही जवळ. उन्हाळ्यात आम्ही दोघं गेलो की पहिला आठवडा कौतुकाचा, आणि मग आमच्यासारख्या रिकाम्या माणसांना उद्योग काय? मी ती परीक्षा दिली. घरबसल्या देता येते, फुकट आहे. ही मागे उभी राहून बघत होती. प्रत्येक चित्रावर माझ्या आधी उत्तर देत होती, आणि कारण विचारलं तर म्हणायची, "अहो, तोंडावरच दिसतंय." तिने कान, वशिंड काहीही पाहिलं नाही. दोघंही पास झालो. लेक म्हणाली, "बाबा, आता परवाना काढू नका म्हणजे झालं."

शेजारी खरा शिकारी. धिप्पाड, सुतारकाम करणारा, बोलायला गोड माणूस. मी पास झाल्याचं कळल्यावर त्याने माझं मनापासून अभिनंदन केलं. मग म्हणाला, "परीक्षेतलं अस्वल तुमच्याकडे कूस करून उभं असतं, उन्हात, कापलेल्या गवतात. माझ्यासमोर आलेलं प्रत्येक अस्वल एक तर पाठमोरं होतं, नाहीतर सरळ माझ्याकडे येत होतं." सरळ येत असलेल्या अस्वलाच्या चेहऱ्याचा खोलगटपणा दिसत नाही, हे त्याने अगदी शांतपणे सांगितलं.

त्याच्याकडून मी एक नियम शिकलो. समोर काय आहे ते पाहायला बंदुकीवरची दुर्बीण कधीही वापरायची नाही, गळ्यातली वापरायची. कारण बंदुकीवरच्या दुर्बिणीतून ज्याच्याकडे बघाल त्याच्यावर नेम धरलेलाच असतो. "झाडीत काहीतरी हललं, म्हणून बघायला बंदूक उचलली. बघतो तर पोस्टमन. आता पोस्टमनला कसं वाटेल?" ऑक्टोबरच्या थंडीत डोंगरात पोस्टमन कशाला येईल हे मी विचारलं नाही. दृष्टांत आहे तो.

अस्वलांचं एक वेळ परवडलं. हरणांचा पेपर त्याहून अवघड, आणि त्याला परीक्षाही नाही. मोंटानात दोन जातींची हरणं, म्यूल डिअर आणि व्हाइटटेल. काही परवान्यांवर यातलं एकच चालतं, त्यामुळे ओळख पटलीच पाहिजे. म्यूल डिअरचे कान खेचरासारखे मोठे, शेपटी बारीक आणि टोकाला काळी. व्हाइटटेलची शेपटी रुंद, वरून तपकिरी, खालून पांढरीशुभ्र. ती पांढरी बाजू तुम्हाला कधी दिसते? शेपटी उभारून हरीण पळायला लागतं तेव्हा. निसर्गाने ओळखपत्र असं लावलंय की ते दिसलं म्हणजे धारक निघाला. म्यूल डिअर पळतानाही वेगळं. चारही पाय एकदम आपटत टणाटणा उड्या मारत जातं, थोडं लांब गेल्यावर थांबतं आणि वळून बघतं. कोण होतं ते बघायला. ओळख पटवायची अडचण त्यालाही असावी.

शिंगांवरूनही ओळखता येतं. व्हाइटटेलच्या शिंगाला एक मुख्य दांडा, आणि त्यावरून सरळ वर निघालेले फाटे. म्यूल डिअरचा दांडाच दुभागतो, मग प्रत्येक भाग पुन्हा दुभागतो. हे चित्रात फार सुंदर दिसतं. प्रत्यक्षात शिंगामागे फांद्या असतात, आणि फांद्याही दुभागतातच.

फाट्यांचा प्रश्न नुसत्या ओळखीवर मिटत नाही. ते मोजायचे असतात, आणि मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. अमेरिकेच्या पूर्वेला दोन्ही शिंगांचे फाटे मिळून आकडा सांगतात, पश्चिमेला एकाच बाजूचे. म्हणजे पूर्वेचा आठ फाट्यांचा नर पश्चिमेत येईपर्यंत चारचा होतो. शेजाऱ्याचा मेहुणा पेन्सिल्व्हेनियाचा. दर वर्षी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला दोघांत याच्यावरून वाद होतो, आणि टर्की थंड होते. त्यातून फाटा कशाला म्हणायचं यावर वेगळी चर्चा. बऱ्याच ठिकाणी किमान एक इंच लांबीचा असला तर तो फाटा. जुने शिकारी म्हणतात, अंगठी अडकून राहिली तर फाटा. हरीण जिवंत असताना त्याच्या शिंगात अंगठी अडकवून पाहणार कोण, हे जुने शिकारी सांगत नाहीत.

विनोद म्हणून सोडून द्यावं तर कायद्याने तेच गांभीर्याने घेतलंय. पेन्सिल्व्हेनियात २००२ पासून बहुतेक भागात एका बाजूला निदान तीन फाटे असल्याशिवाय नर मारता येत नाही, म्हणजे तरुण नरांना वाढायला वाव मिळतो. हेतू उत्तम. मोंटानात एल्क नावाचं जे मोठं हरीण आहे, त्याच्या नराबद्दलचा नियम तर पाठ करण्यासारखा आहे. शिंगाच्या मुख्य दांड्याच्या खालच्या अर्ध्या भागावर निदान चार इंचांचा फाटा दिसला पाहिजे, तरच तो नर त्या परवान्यात बसतो. चार इंच! दोनशे यार्डांवरून, धुक्यात, धापा टाकत, एल्क मान हलवत असताना. साडेतीन असेल तर घरी जा. माझ्या वर्गातली मुलं फळ्यावरची रेघ अडीच फुटांवरून मोजताना अर्धा इंच चुकायची, आणि त्यांच्या हातात पट्टी असायची.

माद्यांची वेगळीच कथा. मादी मारायचा परवाना असेल तर चुकून त्या वर्षीचा नर पाडस मारला जातो, कारण त्याला शिंगं नसतात, नुसते डोक्यावर दोन बुंधे असतात आणि तेही केसांत लपलेले. शिकाऱ्यांच्या तोंडी यावर एक हिशोब आहे. मोठी मादी सूटकेससारखी लांबट दिसते आणि पाडस ब्रीफकेससारखं चौकोनी. मादीचं डोकं दोन कानांमध्ये गोल, नर पाडसाचं सपाट. एकटंच लहान हरीण उघड्यावर बावळटासारखं फिरत असेल तर तो बहुधा नर. या शेवटच्या खुणेवर हिला जराही आश्चर्य वाटलं नाही. भरीस भर म्हणजे हिवाळ्यात नर शिंगं गाळतात. हंगामाच्या शेवटी उघड्या डोक्याचा पूर्ण वाढलेला नर आपण मादी आहोत असं भासवत फिरत राहतो, आणि परवाना त्याच्या बाजूचा असेल तर वाचतो.

यापुढे मात्र अवाक व्हावं लागतं. दर वर्षी कोलोरॅडो आणि युटासारख्या राज्यांतल्या वन्यजीव खात्यांना शिकाऱ्यांना जाहीर विनंती करावी लागते की कृपया एल्क समजून मूस मारू नका. एल्क फिकट तपकिरी, मान काळपट, मागचा भाग पिवळसर पांढरा, शिंगं टोकदार फाट्यांची. मूस जवळजवळ काळा, पाय उंच, नाक फुगलेलं, गळ्याखाली लोंबणारी कातडी, आणि नराची शिंगं फावड्यासारखी रुंद. दोघांत साम्य एवढंच की दोघांना चार पाय. कोलोरॅडोने १९७८ मध्ये बाहेरून मूस आणून मोठ्या निगुतीने त्यांचा कळप वाढवला, आणि आता दर हंगामात त्यातले काही एल्कच्या परवान्यावर जातात. मी शेजाऱ्याला विचारलं, हे होतं तरी कसं? तो म्हणाला, "चार दिवस चालल्यावर, एकही एल्क दिसलेलं नसताना, संध्याकाळी झाडीत काहीतरी मोठं हललं, की ते एल्कच असतं." मग थोडा थांबून म्हणाला, "पाचव्या दिवशी मोटारही एल्क दिसते."

चूक झाल्यावर स्वतःहून खात्याला कळवलं तर बहुतेक ठिकाणी शिक्षा सौम्य होते. शाळेत आम्ही हे तत्त्व राबवलं होतं, पण कळवायला कोणी यायचं नाही.

लांडग्यांकडे वळलो तर हसू आवरतं घ्यावं लागतं. मोंटानातच २०२२ साली लांडग्याचं पिल्लू म्हणून मारलेलं एक जनावर हस्की जातीचा कुत्रा निघालं. तिकडे नॉर्थ कॅरोलायनात तांबडे लांडगे जंगलात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत, आणि ते कोयोटीसारखे दिसतात. कोयोटी मारायला मुभा. कोयोटी म्हणून लांडगे पडायला लागल्यावर २०१४ मध्ये न्यायालयाने त्या टापूतल्या कोयोटीच्या शिकारीवर बंधनं आणली. पुढे लांडग्यांच्या गळ्यात भडक नारिंगी पट्टे घालण्यात आले. जनावराने आपली ओळख आपणच गळ्यात बांधून फिरावी, ही वेळ आली.

नारिंगी रंगाची ही कल्पना मुळात माणसांसाठी. शिकारी शिकाऱ्याला हरीण समजून मारतो. कित्येक राज्यांच्या अपघात अहवालांत 'शिकार समजून' असं एक कारणच नोंदवलेलं असतं. म्हणून बंदुकीच्या हंगामात कंबरेच्या वर भडक नारिंगी कपडा दिसेल असा घालायचा. मोंटानात तो निदान ४०० चौरस इंच हवा. विस्कॉन्सिनने २०१६ मध्ये गुलाबीही मान्य केला, कोलोरॅडोनेही त्याच वर्षी. हरणाला नारिंगी आणि हिरवा यांतला फरक फारसा कळत नाही, त्यामुळे हरणाच्या दृष्टीने आपण झाडीच. फक्त माणसाला माणूस कळावा यासाठी ४०० चौरस इंच लागतात.

हे सगळं ऐकताना आमच्या मनात जे येत होतं ते शेजाऱ्याला सांगायला मी एक संध्याकाळ घालवली. म्हटलं, तुमच्या अपघात अहवालांत आमची तीन प्रकरणं बसतात. पहिलं, अयोध्येचा युवराज दशरथ. वेळ रात्रीची, जागा शरयूचा काठ. घडा भरल्याचा बुडबुड आवाज आला, वाटलं हत्ती पाणी पितोय, आणि आवाजाच्या रोखाने बाण सोडला. श्रावणबाळ गेला. शेजाऱ्याने मान हलवली. मोंटानात सूर्योदयाआधी अर्धा तास आणि सूर्यास्तानंतर अर्धा तास, त्यापलीकडे हरणावर बार काढता येत नाही. आवाजावर तर दिवसाही नाही. "लायसन जप्त," तो म्हणाला. मी सांगितलं, लायसन राहिलं, पण मुलगा चौदा वर्षं वनात गेला.

दुसरं पांडूचं. त्याने हरणांच्या जोडीवर बाण मारला. तो हरणाच्या रूपातला किंदम ऋषी निघाला, आणि त्याच्या शापातून पुढचं सगळं महाभारत. इथे शेजारी अडला. "पण त्याने तर बरोबर ओळखलं. दिसत होतं हरीण." मला हे मान्य करावंच लागलं. रंग, शिंगं, कान, शेपूट, सगळ्या खुणा जुळत होत्या. हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता. पूर्ण गुण द्यायला हवेत. शाप देणाऱ्याने पुनर्मूल्यांकन ठेवलं नव्हतं, एवढंच.

तिसरं प्रकरण सर्वांत कठीण. प्रभासाजवळच्या रानात श्रीकृष्ण पडून होता. जरा नावाच्या पारध्याला झाडीतून हरीण असल्यासारखं वाटलं आणि त्याने बाण सोडला. लागला तळपायाला. "पूर्ण जनावर दिसल्याशिवाय नेम धरायचा नाही," शेजारी म्हणाला. "एक तुकडा दिसला की मन बाकीचं हरीण स्वतःच काढतं." मी म्हटलं, बरोबर, आणि भगवंताने तर पीतांबर नेसलेला होता. लांबून दिसेल असा रंग. शेजाऱ्याने विचार केला. "कुठे नेसतात ते?" कंबरेखाली. त्याने हात पसरले. मोंटानाचा कायदा कंबरेच्या वर ४०० चौरस इंच मागतो.

मारीचाचं मी मुद्दाम शेवटी सांगितलं. त्यात कोणाची चूकच नव्हती. सोन्याचं हरीण पाहताक्षणी लक्ष्मणाने सांगितलं होतं, हे हरीण नाही, मारीच आहे. अशी हरणं नसतात, एवढ्या एका खुणेवर. त्या घरात परीक्षा पास झालेला तो एकटा. शेजाऱ्याला लक्ष्मण फार आवडला. "मग गोळी का घातली?" त्याने विचारलं. मी म्हटलं, घरातून मागणी होती.

सोन्याच्या हरणाचा अमेरिकन अवतारही आहे. रस्त्यावरून गाडीत बसून बेकायदा गोळी घालणाऱ्यांना पकडायला वनरक्षक यांत्रिक हरीण उभं करतात. आत मोटर, वर खरं कातडं. ते मान वळवतं, शेपटी हलवतं. वनरक्षक झुडपात दबा धरून बसतो. गाडी थांबते, काच खाली होते, बार होतो, हरीण पडत नाही. पुन्हा बार होतो. हरीण शेपटी हलवतं. मग झुडपातून वनरक्षक येतो. अशा हरणांच्या अंगाची नंतर चाळण होते, ती दुरुस्त करून पुन्हा कामावर रुजू होतात. रावणाला ही सोय नव्हती.

बदकांबद्दल मी थोडक्यात आटोपतो, कारण ते प्रकरण मला शेवटपर्यंत समजलं नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस रंगीबेरंगी नर आपली पिसं टाकून माद्यांसारखा मळकट वेश घेतात, आणि काही राज्यांत नेमक्या त्याच सुमारास, सप्टेंबरमध्ये, टील नावाच्या छोट्या बदकांचा वेगळा हंगाम उघडतो. टील चालतं, बाकीचं बदक चालत नाही. पहाटेच्या अंधारात, डोक्यावरून जाताना. हंसांचं त्याहून बारीक. युटात शिकाऱ्याला आधी शिकवणी पूर्ण करावी लागते, आणि मारलेल्या हंसाचं डोकं नेऊन चोच मोजून घ्यावी लागते, म्हणजे टुंड्रा की ट्रम्पेटर ते ठरतं. टुंड्राच्या डोळ्यापुढे बहुधा पिवळा ठिपका असतो. बहुधा. कॅन्ससमध्ये करकोच्यासारख्या सँडहिल क्रेनसाठी परीक्षा असते, कारण दुर्मीळ हूपिंग क्रेनही त्याच आकाशातून जातात.

आमच्याकडच्या शिकारकथांत हे काही नसायचं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याआधीच्या कथा आमच्या लहानपणी चांद्याकडच्या नातेवाइकांकडून ऐकल्या. त्यातलं जनावर अंधारात ओळखू यायचं. बॅटरीच्या उजेडात नुसते डोळे चमकले की मामा म्हणायचे, भेकर नाही, चौसिंगा आहे; डोळ्यांमधलं अंतर बघ, जमिनीपासूनची उंची बघ. चूक कधी झाली नाही. चुकून म्हैस मारल्याची कथा कोणत्याही मामाने सांगितली नाही. ती म्हशीच्या मालकाकडे मिळायची.

यंदा शेजारी शिकारीला टेक्सासला निघाला होता. तिथे १९३० च्या दशकात भारतातून गेलेली चितळं आणि काळविटं आता माळावर मोकळी फिरतात. आपली रोहीही तिथे आहे. परदेशी म्हणून त्यांना हंगामाचं बंधन नाही. अडचण अशी की त्याच खाजगी रानांत युरोपची फॅलो आणि जपानची सिका हरणंही सोडलेली आहेत, तीही ठिपकेदार, आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. चुकीचं पडलं तर मालक बिल देतो. त्याने विचारलं, चितळ कसं ओळखायचं? इतके महिने मी त्याच्याकडून ऐकत आलो होतो. मी घसा साफ केला. गळ्याखाली पांढरा डाग, पाठीवर ठिपक्यांची ओळ, नराच्या प्रत्येक शिंगाला तीनच फाटे. फॅलोची शिंगं चपटी. सिकाचे आणि फॅलोचे ठिपके हिवाळ्यात पुसट होतात, चितळाचे बारा महिने तसेच.

त्याने सगळं लिहून घेतलं. मग आदराने विचारलं, "तुम्ही आजवर किती मारलीत?"

"एकही नाही. बंदी आहे. आम्ही नुसती बघतो. ताडोब्याला जातो, जिप्सीचे पैसे भरतो."

"चितळ बघायला पैसे?"

"चितळ बघायला नाही, वाघ बघायला. चितळ फुकट दिसतं. लांबून दिसलं की गाडीतले सगळे ड्रायव्हरला ओरडतात, थांबू नका, चितळच आहे."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

"धावत्या गाडीतून?" तो म्हणाला. "आणि दुर्बिणीशिवाय?"